काळवीट काळे आहे, उजेड नव्हे

वन्यजीव छायाचित्रणाच्या शिबिरांत आणि प्रदर्शनांनंतरच्या गप्पांत एक मत इतक्या ठामपणे मांडले जाते, की नव्याने कॅमेरा हाती घेतलेली मुले ते सिद्धांत म्हणूनच स्वीकारतात. हाताने चालवायचा फिल्म कॅमेरा देवळांना ठीक, डोंगरांना ठीक, माणसांच्या चेहऱ्यांना ठीक. जनावरांसाठी मात्र तो निरुपयोगी, असे ते मत. त्यासाठी चार कारणे दिली जातात. जनावर थांबत नाही, मीटरची सुई जुळवेपर्यंत ते निघून जाते. स्वयंचलित मीटरला माणसापेक्षा उजेड जास्त कळतो. फिल्मच वापरायची असेल तर निगेटिव्ह वापरा, ती सगळे सांभाळून घेते. आणि इतके करूनही शंका उरली, तर कमी-जास्त एक्स्पोजरच्या तीन फ्रेम घ्या, एखादी तरी बरोबर येईल.

ही चारही कारणे मला अमान्य आहेत. यंत्राच्या मर्यादा म्हणून ती सांगितली जातात, पण त्यांच्या मुळाशी उजेड वाचण्याचा कंटाळा आहे. माझे म्हणणे असे, की उघड्या माळावर एक्स्पोजर जनावर दिसण्याआधी ठरवायचे असते. ते एकदा ठरले की चौकटीत काय आले आणि काय गेले यावरून ते बदलता कामा नये. हाताने चालणारा कॅमेरा ते आपणहून बदलत नाही. ज्याला त्याची उणीव म्हणतात, तोच त्याचा या कामातला सर्वांत मोठा गुण आहे.

हा वाद हवेत घालण्यात अर्थ नाही. त्यासाठी जागा हवी आणि जनावरही हवे. अहिल्यानगर जिल्ह्यात दोन्ही आहेत. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली खास काळविटांसाठी जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. बाभूळ, हिवर, बोर यांची विरळ झाडी, मधे कुसळी आणि मारवेल यांसारख्या गवतांचे पट्टे, आणि वर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले मोकळे आभाळ. पावसाळा सरला की इथे दिवसचे दिवस ढग दिसत नाही. दुष्काळी म्हणून ज्या पट्ट्याची कीव केली जाते, तिथे छायाचित्रकाराला मात्र महाराष्ट्रातला सर्वांत भरवशाचा उजेड मिळतो.

काळवीटही परीक्षा घेणारेच आहे. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ आणि बाजू गडद तपकिरी ते काळी. पोट, हनुवटी आणि डोळ्यांभोवतीची कडी पांढरीशुभ्र. माद्या आणि पिल्ले वाळक्या गवतात मिसळून जाणाऱ्या फिकट पिंगट रंगाची. एकाच कळपात, एकाच उन्हात, एकाच चौकटीत इतक्या टोकांचे रंग एकत्र येतात. काळ्या पाठीपासून पांढऱ्या पोटापर्यंतचे अंतर सहज चार स्टॉपचे भरते. मीटरवर डोळे मिटून विसंबणाऱ्याची परीक्षा याहून कठीण असू शकत नाही.

आता पहिले कारण घेऊ. जनावर थांबत नाही, हे खरेच. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात पळते, आणि त्याला पाहिल्यावर सुई जुळवायला घेणाऱ्याच्या हाती धूळच लागणार. प्रश्न असा, की त्याला पाहिल्यावर सुई जुळवायला सांगितले कोणी? माळावर दोनशे फुटांवर उभ्या काळविटावर जे ऊन पडते, तेच ऊन माझ्या हातावर पडते. सूर्य दोघांनाही सारखाच दूर आहे. म्हणून काळविटावरचा उजेड मोजायला काळवीट लागत नाही. उन्हात धरलेला तळहात पुरतो. तळहात मध्यम करड्या रंगापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. त्याच्यावर मीटर रोखायचा, येईल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्यायचा आणि काटे तिथेच ठेवायचे. प्रत्येकाच्या तळहाताचा रंग थोडा वेगळा असतो, म्हणून आपला तळहात एकदा ग्रे कार्डाशी ताडून पाहावा. ते काम घरी एकदा केले की पुरते.

मीटर नसला तरी अडत नाही. फिल्मच्या डब्यातल्या कागदावर पिढ्यान्‌पिढ्या एक तक्ता छापून येत असे. स्वच्छ ऊन पाठीशी असेल तर अॅपर्चर एफ १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओ आकड्याच्या जवळचे. म्हणजे १०० आयएसओच्या फिल्मला एफ १६ आणि १/१२५ सेकंद. हाच उजेड एफ ८ वर १/५०० होतो आणि एफ ५.६ वर १/१०००. साध्या ३०० मिलिमीटरच्या टेलीलेन्सला पळते काळवीट गोठवायला एवढा वेग पुरतो. ऊन बाजूने पडत असेल तर एक स्टॉप वाढवा. सूर्य समोर असेल आणि जनावराचा सावलीतला अंगभाग दिसायला हवा असेल तर दोन वाढवा. सकाळी सूर्य वर येईपर्यंतचा आणि संध्याकाळी कलल्यानंतरचा काळ या तक्त्याबाहेरचा. तेव्हा तळहात पुन्हा पुन्हा वाचायचा. इतके पाठ असलेल्या माणसाला काळवीट उधळल्यावर फक्त फोकस आणि चौकट पाहायची असते. एक्स्पोजर केव्हाच झालेले असते. वेळ कमी पडतो तो ज्याने सकाळभर उजेडाकडे पाहिलेलेच नसते त्याला.

कॅमेराही इथे आड येत नाही. १९७६ सालचा पेन्टॅक्स के १००० असो वा १९८२ सालचा निकॉन एफएम २, दोन्हींची शटर पूर्ण यांत्रिक आहेत. बॅटरी लागते ती फक्त मीटरला. के १००० चा कमाल वेग १/१०००, एफएम २ चा १/४०००. रेहेकुरीच्या उन्हात १०० आयएसओ फिल्मवर पहिल्याचा वेगही पुरतो, हे वरच्या आकड्यांवरून कोणीही पडताळून पाहावे.

दुसरे कारण जास्त पसरलेले आणि म्हणून जास्त घातक आहे. स्वयंचलित मीटरला उजेड जास्त कळतो म्हणे. कॅमेऱ्यातल्या मीटरला उजेड कळतच नाही. त्याला कळते ते वस्तूवरून परतून आलेले प्रमाण. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडे आहे, असे गृहीत धरून तो हिशोब करतो. समोर खरेच मध्यम रंगाचे काही असेल, तेव्हा उत्तर बरोबर येते. पावसानंतरचे हिरवे गवत बरेचसे तसे असते, म्हणून ऑगस्टमधल्या फोटोंवर स्वयंचलित मीटर खूश असतो. त्याच जागी मार्चमध्ये जा. वाळलेली कुसळी मध्यम रंगापेक्षा साधारण स्टॉपभर उजळ असते. मीटर तिला करडी करू पाहतो आणि सगळा फोटो स्टॉपभर काळवंडतो. धुळीने पांढुरके झालेले आभाळ चौकटीत आले की आणखी. तेवढ्यात काळा नर जवळ येऊन चौकट भरून टाकतो. मीटरला आता काळोख दिसतो, तो उजेड वाढवतो, पाठ मातकट होते आणि पोट जळून पांढरे फटफटीत होते. दरम्यान ऊन तसूभरही बदललेले नसते. बदललेला असतो तो चौकटीतला रंग.

कळप आडवा जात असेल तर हा घोळ फ्रेमगणिक होतो. पहिल्या फ्रेमला नर मोठा, दुसऱ्या फ्रेमला मादी पुढे, तिसरीत आभाळ जास्त. स्वयंचलित कॅमेरा तिन्हींना वेगवेगळे एक्स्पोजर देतो आणि एकाच मिनिटातले, एकाच माळावरचे ऊन तीन फोटोंत तीन प्रकारचे दिसते. हाताने लावलेले काटे मात्र जिथल्या तिथे राहतात. नर काळा येतो, मादी पिंगट येते, गवत वाळलेले दिसते, कारण प्रत्येकावर पडलेले ऊन एकच होते आणि एकच मोजले गेले.

यावर सांगितले जाते, की हे जुन्या मीटरचे दोष आहेत, नवे मीटर हुशार आहेत. हुशारीचा इतिहास मला मान्य आहे. निकॉन एफए ने १९८३ साली चौकटीचे पाच भाग करून मोजायला सुरुवात केली. १९९६ च्या एफ ५ मध्ये १,००५ बिंदूंचा रंग ओळखणारा मीटर आला, आणि तो खरोखर उत्तम होता. तरीही तो चौकट पाहूनच उत्तर देतो. चौकट हलली की त्याचे उत्तर हलण्याची शक्यता उरतेच. उजेड तोच असताना उत्तर हलण्याची गरजच काय, हा माझा प्रश्न आहे, आणि मीटरचे भाग पाचाचे हजार केल्याने त्याला उत्तर मिळत नाही.

थोडे मागे पाहिले तर या मताचा पोकळपणा आणखी उघडा पडतो. १९८३ पूर्वी टिपलेल्या जगातल्या कुठल्याही वन्यजीव छायाचित्रामागे असा बहुभागी मीटर नव्हता. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ सालचे. हातात धरायचा वेस्टनचा प्रकाशविद्युत मीटर बाजारात आला १९३२ साली. चॅम्पियन यांनी रात्री वाघाच्या पायाने ओढल्या जाणाऱ्या तारेला कॅमेरा आणि फ्लॅश जोडले. वाघ येण्याआधी त्यांचे एक्स्पोजर ठरलेले होते. ठरवल्याशिवाय ते काम होणेच शक्य नव्हते. मद्रासचे एम. कृष्णन निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून स्वतःच तयार केलेला अवजड कॅमेरा घेऊन जंगलात जात आणि कृष्णधवल फिल्मवर हत्ती, गवे, हरणे टिपत. भारतीय जनावरांचे ते दस्तऐवज आजही अभ्यासले जातात. हाताने चालणारा फिल्म कॅमेरा जनावरांसाठी निरुपयोगी असता, तर भारतीय वन्यजीव छायाचित्रणाच्या पहिल्या अर्धशतकाची आपल्याकडे चित्रेच नसती.

तिसरे कारण निगेटिव्हचे. निगेटिव्ह सगळे सांभाळून घेते, हे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य असल्यामुळेच ते मुलांना बिघडवते. निगेटिव्ह जास्तीचा उजेड सांभाळते. स्टॉप-दोन स्टॉप जास्त झाले तरी चांगली प्रिंट निघते. कमी पडलेला उजेड ती सांभाळत नाही. काळविटाच्या पाठीवरचे केस, खांद्याच्या स्नायूंचा उठाव, मानेवरच्या सुरकुत्या हे सगळे निगेटिव्हच्या सर्वांत पातळ भागात नोंदवले जाते. तिथे उजेड पोचलाच नाही तर फिल्म कोरी राहते, आणि कोऱ्या फिल्ममधून डार्करूमचा कुठलाही कारागीर स्नायू काढून देऊ शकत नाही. आता हे आठवा, की वाळक्या गवतात आणि पांढऱ्या आभाळाखाली आपला लाडका मीटर नेमका कमी एक्स्पोजरकडे झुकतो. म्हणजे निगेटिव्ह जिथे सर्वांत दुबळी आहे, तिथेच मीटर तिला ढकलतो. सांभाळून घेण्याच्या भरवशावर बसलेल्याचे काळवीट प्रिंटमध्ये काळ्या कागदाच्या कापलेल्या तुकड्यासारखे येते ते यामुळे.

स्लाइडचे नेमके उलटे आहे. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही जाणवते, आणि जास्त उजेड झाला तर पांढरा भाग कायमचा जातो. म्हणून त्याच काळविटासाठी, त्याच उन्हात, दोन फिल्मना दोन निर्णय लागतात. स्लाइडवर पोट सांभाळा, निगेटिव्हवर पाठ सांभाळा. तळहाताने आलेल्या आकड्यापासून स्लाइडसाठी अर्धा स्टॉप कमी, निगेटिव्हसाठी अर्धा ते एक स्टॉप जास्त. हा निर्णय मीटर घेऊ शकत नाही. फोटोत काय राहायला हवे, हे त्याला ठाऊक नसते. बरोबर एक्स्पोजर म्हणजे सुई मध्यावर येणे, अशी जी व्याख्या सर्रास शिकवली जाते ती इथेच कोसळते. बरोबर एक्स्पोजर म्हणजे या जनावराचे, या फिल्मवर, जे दिसायला हवे ते दिसणे.

चौथे कारण तीन फ्रेमचे. ब्रॅकेटिंग उभ्या वस्तूला शोभते. किल्ला किंवा झाड तिन्ही फ्रेमना तसेच उभे असते. काळवीट उडी घेते तेव्हा हवेतला क्षण एकच असतो. पहिली फ्रेम अंडर, दुसरी बरोबर आणि तिसरी ओव्हर घ्यायची ठरवली, आणि उडी पहिल्या फ्रेमला झाली, तर हाती काय उरते? दरम्यान लिव्हर ओढून फिल्म पुढे न्यावी लागते ते वेगळेच. छत्तीस फ्रेमच्या रोलमधल्या चोवीस मुद्दाम चुकवायच्या, याला पद्धत म्हणत नाहीत. ती शंकेची किंमत आहे, आणि फिल्म महाग होत असताना ही किंमत विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. एक तळहात वाचायला फ्रेम लागत नाही.

माझ्या दाव्याला सीमा आहेत आणि त्या सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे अभयारण्य आहे, ३६१.७१ चौरस किलोमीटरचे. तिथल्या दाट झाडीत शेकरूवर उन्हाचा कवडसा पडतो आणि दुसऱ्या उडीत ते गडद सावलीत जाते. तिथे माझ्या हातावरचा उजेड आणि त्याच्या अंगावरचा उजेड एक नाही. तिथे दोन उजेड आधी वाचून ठेवायचे, कवडशाचा आणि सावलीचा, आणि जनावर कुठल्यात आहे ते पाहून काटा फिरवायचा. पावसाळी माळावरही तसेच. ढग सूर्यावर आला की उजेड दोन-तीन स्टॉप उतरतो, म्हणून उन्हाचा आणि ढगाचा असे दोन आकडे तोंडपाठ हवेत. सूर्यास्तानंतर लांडगा बाहेर पडतो तेव्हा उजेड भराभर घसरतो आणि दर काही मिनिटांनी वाचावा लागतो. अकोल्याच्या उसात रात्री फिरणाऱ्या बिबट्याची नोंद घ्यायला तर स्वयंचलित कॅमेरा ट्रॅपच हवा, तिथे हाताने काटे फिरवण्याचा आग्रह धरणे मूर्खपणाचे होईल. मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस इथे भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा ऊन कडक असूनही जनावराच्या बाजूवर कमी पडते, आणि एफ १६ चा तक्ता स्टॉपभर सैल करावा लागतो. पण या सगळ्या सीमांकडे नीट पाहा. प्रत्येक ठिकाणी उपाय उजेड अधिक बारकाईने वाचणे हाच आहे. कॅमेरा ट्रॅपचा अपवाद सोडला, तर यंत्रावर सोपवल्याने प्रश्न सुटला असे एकही ठिकाण यात नाही.

आणि मला या वादाची इतकी चाड का, तेही सांगतो. २.१७ चौरस किलोमीटर म्हणजे पायी थोड्याच वेळात ओलांडता येणारी जागा. तिथे हुसकावलेल्या काळविटाला जायला दुसरे जंगल नाही, पलीकडे शेते आहेत, रस्ते आहेत, कुत्री आहेत. माजावर आलेला नर आपली हद्द राखून उभा असतो. त्याला तिथून उठवणे म्हणजे त्याची हद्द मोडणे. ज्याचे एक्स्पोजर जनावरावरून ठरते, त्याला जनावर चौकटीत मोठे हवे असते, म्हणून तो जवळ जातो. पहिल्या फ्रेमवर त्याचा भरवसा नसतो, म्हणून तो दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जातो. ज्याने बसल्या जागी हातावरचे ऊन मोजून ठेवले आहे, त्याला एक्स्पोजरसाठी पाऊलभरही पुढे जावे लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत ठेवलेल्या प्राण्यासमोर आपण उभे आहोत, हे भान कायद्याची कलमे पाठ करून येण्यापेक्षा अशा सवयींनी जास्त येते.

फिल्मच वापरा असा माझा हट्ट नाही. डिजिटल कॅमेऱ्यालाही मॅन्युअलची खूण आहे आणि तळहाताचा नियम त्यालाही तसाच लागू आहे. माझा आक्षेप आहे तो हाताने चालणाऱ्या कॅमेऱ्याला अपात्र ठरवून उजेड वाचण्याचे शिक्षणच अभ्यासक्रमातून काढून टाकण्याला. शिबिरे घेणाऱ्यांना म्हणून माझी उघड मागणी आहे. रेहेकुरीला मुलांना न्याल तेव्हा पहिल्या सकाळी कळपाकडे लेन्स वळवू देऊ नका. त्यांना वाळक्या गवताचा आकडा घ्यायला लावा, मग आभाळाचा, बाभळीच्या सावलीचा, तळहाताचा. चार आकडे वहीत लिहून घ्या आणि त्यांच्यातला फरक का आला ते त्यांच्याकडून वदवून घ्या. ज्या मुलाला तो फरक सांगता आला, त्याला दुपारी कुठलाही कॅमेरा द्या, पन्नास वर्षांपूर्वीचा द्या. जनावर पळाले, मीटर फसला, फिल्मने दगा दिला, ही तिन्ही गाऱ्हाणी त्याच्या तोंडून तुम्हाला ऐकू येणार नाहीत.